वृद्ध रुग्ण, औषधांच्या चुका आणि कायदेशीर जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी-ऐंशीच्या रुग्णाला चुकीच्या औषधाने अपाय झाला की घरच्यांना बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं: "वय झालंच होतं त्यांचं." या पानावरच्या प्रश्नांचा रोख या वाक्याकडे आहे. कायद्याची कलमं देशागणिक बदलतात, पण निष्काळजीपणा ठरवण्याची पद्धत बरीचशी सारखी आहे. म्हणून इथे तत्त्वं सांगितली आहेत आणि जिथे गरज आहे तिथे ठरावीक देशांचे निकाल दिले आहेत. स्वतःच्या प्रकरणात वकिलाचा सल्ला घ्यावाच लागेल.

औषधाचा दुष्परिणाम आणि औषधाची चूक यांत फरक काय?

औषध योग्य होतं, डोस बरोबर होता, देखरेखही नीट झाली आणि तरीही अंगावर पुरळ आलं, तर तो दुष्परिणाम. टाळता येण्याजोगं काही घडलं असेल तर ती चूक: दुसरंच औषध, दुप्पट डोस, भलत्या रुग्णाला दिलेली गोळी, ॲलर्जीची नोंद असताना दिलेलं इंजेक्शन, किंवा द्यायचं राहून गेलेलं औषध. हा शेवटचा प्रकार लोक विसरतात. पार्किन्सनच्या रुग्णाची गोळी हॉस्पिटलात वेळेवर मिळाली नाही तर तो काही तासांत जखडून जातो.

चाचणी न करणं हीसुद्धा चूकच. रक्त गोठू न देणारं वॉरफरिन चालू केलं आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआर चाचणी करायला सांगितलंच नाही, तर गोळी अगदी बरोबर असूनही निष्काळजीपणा घडलेला असू शकतो.

म्हातारपणी तीच गोळी जास्त का बाधते?

शरीर औषध ज्या वाटेने बाहेर टाकतं ती वाट वयाबरोबर अरुंद होते. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता हळूहळू घटते. यात एक फसगत असते. रक्ततपासणीत मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज ज्यावरून घेतात ते क्रिएटिनिन स्नायूंमधून तयार होतं आणि म्हातारपणी स्नायूच झडलेले असतात, त्यामुळे रिपोर्टवर आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि मूत्रपिंड मात्र निम्म्या ताकदीनं चाललेलं असू शकतं. डिगॉक्सिन, गॅबापेन्टिन, मेटफॉर्मिन अशा औषधांचा डोस नुसत्या क्रिएटिनिनवरून ठरवला तर ती साठत जातात. वय, वजन आणि क्रिएटिनिन एकत्र धरून क्षमता काढायचं कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्र १९७६ पासून उपलब्ध आहे. ते वापरायला दोन मिनिटं लागत नाहीत. ते न वापरण्याचं समर्थन पुढे कोर्टात करणं डॉक्टरांना जड जातं ते याचमुळे.

शिवाय शरीरात चरबीचं प्रमाण वाढतं, त्यामुळे डायझेपामसारखी चरबीत विरघळणारी औषधं दिवसेंदिवस मुक्काम ठोकतात. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन कमी असेल तर फिटसाठीच्या फेनिटॉइनसारख्या औषधाचा मोकळा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा भाग वाढतो, पण एकूण पातळीचा रिपोर्ट ठीकच दिसतो. मेंदू झोपेच्या आणि गुंगीच्या औषधांना जास्त प्रतिसाद देतो. उभं राहताना रक्तदाब सावरण्याची क्षमता मंदावते, म्हणून रक्तदाबाची गोळी थोडी जास्त झाली तरी माणूस पहाटे बाथरूमकडे जाताना कोसळतो.

भर म्हणून औषधांची संख्या. पाच किंवा जास्त औषधं नियमित चालू असणं याला सर्वसाधारणपणे बहुऔषधी म्हणतात. हृदयाचा, मधुमेहाचा आणि सांध्यांचा असे तीन डॉक्टर असतील तर हा आकडा सहज ओलांडला जातो, आणि तिघांपैकी कोणी पूर्ण यादी पाहिलेली नसते.

कोणत्या औषधांबाबत सर्वांत जास्त सावध राहायला हवं?

उत्तर थोडं अनपेक्षित आहे. वृद्धांसाठी टाळावीत अशा औषधांच्या याद्या आहेत. अमेरिकी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये पहिली यादी केली, ती 'बिअर्स निकष' म्हणून ओळखली जाते आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. कोणती औषधं थांबवावीत आणि कोणती सुरू करावीत हे सांगणारे 'स्टॉप-स्टार्ट' निकष आयर्लंडमधून २००८ मध्ये आले. पण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की औषधांच्या अपायामुळे तातडीनं भरती झालेल्या ६५ वर्षांवरच्या रुग्णांपैकी सुमारे दोन-तृतीयांश भरती फक्त चार गटांमुळे होत्या: वॉरफरिन, इन्सुलिन, प्लेटलेट एकत्र येऊ न देणाऱ्या गोळ्या आणि रक्तातली साखर उतरवणाऱ्या गोळ्या. 'टाळा' यादीतल्या औषधांचा वाटा त्या मानानं अगदी थोडा होता. म्हणजे हॉस्पिटलात पोचवणारी औषधं बहुतेकदा गरजेचीच असतात, फक्त त्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणी नसतं.

तरीही काही नावं घरात माहीत असावीत. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. 'रोज एक' असं लिहिलं किंवा समजलं गेलं, तर तोंडात फोड येतात, अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं थांबतं आणि माणूस दगावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर वाराचं नाव लिहिलेलं असायला हवं. मधुमेहाचं ग्लिबेनक्लामाइड दीर्घकाळ साखर खाली ठेवतं. वृद्धात साखर उतरली की घाम-थरथर यांच्या आधी गोंधळलेलं बोलणं दिसतं आणि पक्षाघात समजून उपचार सुरू होतात. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन किंवा झोपेसाठी दिलेलं अमिट्रिप्टिलिन लघवी तुंबवतं, बद्धकोष्ठता करतं, भ्रम आणतं. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या रक्तदाबाच्या ठरावीक गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या यांच्या जोडीला आल्या की मूत्रपिंड बंद पडू शकतं. या तिघांची गाठ घालू नये हे औषधशास्त्राच्या पुस्तकात सुरुवातीलाच शिकवतात.

चूक नेमकी कुठे होते?

बहुतेक वेळा हस्तांतराच्या जागी. रुग्ण वॉर्डातून आयसीयूत जातो, हॉस्पिटलातून घरी येतो, घरातून वृद्धाश्रमात जातो, आणि प्रत्येक वेळी यादी कोणीतरी नव्यानं उतरवून काढतं. डिस्चार्ज कार्डावर कंपनीचं एक नाव आणि घरच्या डब्यात त्याच औषधाचं दुसऱ्या कंपनीचं नाव, म्हणून दोन्ही चालू राहतात. आत रक्तदाबाचं तेच ॲटेनोलॉल असतं, पण दुप्पट.

दुसरी जागा लिखाणाची. 'युनिट' ऐवजी नुसतं इंग्रजी यू अक्षर लिहिलं की ते शून्यासारखं दिसतं आणि इन्सुलिनचे ६ युनिट ६० होतात. १.० मधला दशांश पुसट झाला की १० होतात. सारख्या नावांचा घोळ तर जुनाच आहे. लॅसिक्स आणि लोसेक यांची गल्लत होते म्हणून अमेरिकेत लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. एक लघवी वाढवणारं, दुसरं पित्ताचं.

तिसरी जागा देण्याची. सावकाश विरघळणारी गोळी गिळता येत नाही म्हणून कुटून दिली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. वेदनेसाठी लावायची फेन्टानिलची पट्टी बदलताना जुनी काढायची राहते.

एका औषधाचा त्रास दुसऱ्या औषधाने झाकला जातो असं म्हणतात, ते काय?

याला औषधांची साखळी म्हणता येईल. रक्तदाबासाठी अम्लोडिपिन दिलं, त्यानं घोटे सुजले. सूज हृदयाची समजून लघवीची गोळी आली. पोटॅशियम उतरलं, चक्कर आली, चक्करेवर आणखी एक गोळी. विस्मरणासाठी डोनेपेझिल दिलं की लघवीवरचा ताबा सुटू शकतो, त्यावर ऑक्सिब्युटिनिन देतात आणि ते डोनेपेझिलच्या नेमकं उलट काम करतं. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनं हात थरथरू लागले आणि रुग्णाला पार्किन्सनची औषधं सुरू झाली, असंही घडतं.

कायद्याच्या दृष्टीनं हा प्रकार सिद्ध करायला अवघड, कारण प्रत्येक चिठ्ठी स्वतंत्रपणे पाहिली तर समर्थनीय वाटते. तारखा एका रेषेत मांडल्या की मात्र गोष्ट उघडी पडते.

हे वयामुळे झालं की औषधामुळे, घरच्यांनी कसं ओळखायचं?

वेगावर नजर ठेवा. वार्धक्य महिन्या-वर्षांत वाढतं. कालपर्यंत पेपर वाचणारा माणूस आज मुलाला ओळखत नसेल, अचानक दोनदा पडला असेल, दिवसभर झोपून असेल, लघवी अडली असेल, काळी शौच होत असेल, तर गेल्या दोन-तीन आठवड्यांत कोणतं औषध सुरू झालं, वाढलं, बंद झालं किंवा कंपनी बदलली, हे आधी पाहा. वॉरफरिनवर असलेल्याला को-ट्रायमॉक्साझोल किंवा मेट्रोनिडाझोल ही जंतुसंसर्गावरची औषधं दिल्यावर रक्तस्राव होणं ही ओळखीची गोष्ट आहे. कोलेस्टेरॉलचं सिम्व्हास्टॅटिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यावर स्नायू दुखून लघवी तपकिरी झाली, तर तेही तसंच.

चूक आत्ताच लक्षात आली. आधी काय करायचं?

रुग्ण. कागद नंतर. शुद्ध, श्वास, साखर बघायची, डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठायची आणि काय, किती, केव्हा गेलं ते नेमकं सांगायचं. मनानं सगळीच औषधं एकदम बंद करू नयेत. बीटा-ब्लॉकर (रक्तदाब-हृदयाचं औषध), स्टेरॉइड किंवा फिटचं औषध अचानक थांबवणं स्वतःच धोक्याचं असतं.

रुग्ण स्थिर झाला की गोळ्यांची पाकिटं, उरलेल्या गोळ्या, बाटल्या, बिल आणि मूळ चिठ्ठी एका पिशवीत घालून बाजूला ठेवा. फेकू नका, केमिस्टला परतही करू नका. हवं तर त्याला फोटो द्या.

कायद्यानं निष्काळजीपणा केव्हा सिद्ध होतो?

चार गोष्टी लागतात. समोरच्यावर काळजी घेण्याचं कर्तव्य होतं, त्यानं ते मोडलं, त्यामुळेच अपाय झाला आणि अपाय प्रत्यक्षात झाला. चौथीवरून सुरुवात करा: चुकीची गोळी दिली गेली पण काहीच झालं नाही, तर चूक आहे, तक्रारही करता येते, पण भरपाईचा दावा उभा राहत नाही.

कर्तव्य मोडलं का, हे मोजण्याचं माप इंग्लंडच्या १९५७ च्या बोलम निकालातून आलं. त्या विषयातल्या जबाबदार डॉक्टरांचा एक गट तसंच वागला असता, तर तो निष्काळजीपणा नाही. १९९७ च्या बोलिथो निकालानं त्याला अट जोडली, की त्या गटाचं मत तर्काला टिकणारंही हवं. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात बोलमचीच कसोटी उचलली. निदान किंवा शस्त्रक्रियेच्या प्रकरणांत ही कसोटी डॉक्टरांना मोठा आधार देते. औषधांच्या चुकांत तो आधार बराच लंगडा पडतो, कारण दहापट डोस देणारा जबाबदार डॉक्टरांचा गट कुठून आणणार? औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ छापील पुस्तकात दिलेली असतात.

खरी लढाई तिसऱ्या मुद्द्यावर होते: अपाय चुकीमुळेच झाला का. चार आजार असलेल्या रुग्णात समोरचा वकील पाचवं कारण शोधतोच. इथे तज्ज्ञ डॉक्टर किंवा औषधशास्त्रज्ञाच्या मताशिवाय पुढे जाता येत नाही.

मग जबाबदार कोण? डॉक्टर, केमिस्ट, नर्स की हॉस्पिटल?

बहुधा एकापेक्षा जास्त, आणि 'दुसऱ्यानंही चूक केली' हा सुटकेचा मार्ग नसतो. याचं सर्वांत बोलकं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. छातीच्या संसर्गासाठी डॉक्टरनं अमोक्सिल लिहिलं. अक्षर इतकं गिचमिड, की फार्मासिस्टनं ते डाओनिल वाचलं आणि मधुमेहाच्या गोळ्या दिल्या. मधुमेह नसलेल्या त्या रुग्णाची साखर कोसळून मेंदूला कायमची इजा झाली. डॉक्टरचं म्हणणं असं, की अक्षर कसंही असलं तरी फार्मासिस्टला कळायला हवं होतं, कारण डोस मधुमेहाच्या गोळीचा नव्हता आणि तिथे मधुमेहींना औषधं मोफत मिळत असताना या रुग्णानं चिठ्ठीचे पैसे भरले होते. अपील न्यायालयानं १९८९ मध्ये दोघांनाही धरलं: डॉक्टर २५ टक्के, फार्मासिस्ट ७५ टक्के. साखळीतल्या शेवटच्या माणसाला थांबवण्याची संधी होती, म्हणून त्याचा वाटा मोठा. पण खराब अक्षरामुळे अशी गल्लत होऊ शकते हे डॉक्टरला आधीच दिसायला हवं होतं, म्हणून पहिलाही सुटला नाही.

नोकरीवर असलेल्या नर्सच्या किंवा डॉक्टरच्या चुकीसाठी हॉस्पिटल उत्तरदायी असतं. त्याशिवाय हॉस्पिटलची स्वतःची चूकही असू शकते: एका नर्सकडे झेपणार नाहीत इतके रुग्ण, सारख्या दिसणाऱ्या कुप्या एकाच कप्प्यात, ॲलर्जीची नोंद दिसेल अशी व्यवस्थाच नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या सविता गर्ग निकालानुसार रुग्णाच्या बाजूनं प्रत्येक डॉक्टरला नावानिशी पक्षकार केलंच पाहिजे असं नाही. उपचार कोणी, कसे केले हे दाखवण्याचा भार हॉस्पिटलवर येतो. आणि ज्या उपचारपद्धतीचं शिक्षणच घेतलेलं नाही तिची औषधं देणं हाच निष्काळजीपणा, असं त्याच न्यायालयानं १९९६ मध्ये पूनम वर्मा प्रकरणात ठरवलं.

औषध कंपनी क्वचितच येते: लेबल चुकीचं, बॅच सदोष किंवा धोक्याची माहिती दडवलेली असेल तेव्हा.

"वय झालं होतं, आधीच आजारी होते" हा बचाव चालतो का?

जबाबदारी टाळायला, नाही. भरपाईचा आकडा कमी करायला, कधीकधी.

जुनं तत्त्व असं आहे, की ज्याला इजा केली तो जसा होता तसाच धरायचा. त्याची हाडं ठिसूळ होती, मूत्रपिंड दुबळं होतं, म्हणून त्याला जास्त लागलं, ही सबब चालत नाही. आमच्या मते वयाचा मुद्दा उलट दिशेनंही वापरायला हवा आणि वकील तो पुरेसा वापरत नाहीत. रुग्ण ८२ वर्षांचा आहे हे चिठ्ठीच्या वरच्याच ओळीत लिहिलेलं असतं. धोका समोर दिसत असताना जास्त सावधगिरी अपेक्षित असते. म्हणून 'वय झालं होतं' हे वाक्य डॉक्टरला धोका माहीत होता याचा पुरावाही ठरू शकतं. मग मूत्रपिंड का तपासलं नाही, निम्म्या डोसनं सुरुवात का केली नाही, हे विचारता येतं.

वृद्धाश्रमात आईला सतत झोपवून ठेवतात. हे औषधोपचारात मोडतं का?

विचारायला हवं की औषध कोणाच्या सोयीसाठी आहे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला 'त्रास देते' म्हणून मनोविकारावरची औषधं देणं, यालाच रासायनिक बांधून ठेवणं म्हणतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००५ मध्ये नव्या पिढीच्या अशा औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण १७ चाचण्यांच्या विश्लेषणात स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण दीड पटीहून जास्त आढळलं. २००८ मध्ये जुन्या औषधांवरही तोच इशारा आला. त्या देशात १९८७ पासूनच शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी अशी औषधं न दिली जाण्याचा हक्क शुश्रूषागृहातल्या रहिवाशांना आहे, दर महिन्याला फार्मासिस्टनं प्रत्येकाची औषधं तपासायची असतात आणि चुकांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली ठेवणं बंधनकारक आहे.

असा नियम नसला तरी चार गोष्टी कुठेही लेखी मागता येतात: औषध कोणत्या लक्षणासाठी, कोणी लिहिलं, संमती कोणी दिली, कमी करण्याचा प्रयत्न केव्हा करणार. उत्तर टाळलं गेलं तर तेही टिपून ठेवा.

घरच्या माणसानं किंवा पगारी काळजीवाहकानं चूक केली तर?

पगारी काळजीवाहक आणि त्याला पाठवणारी संस्था यांच्यावर कर्तव्य आहे. इन्सुलिन द्यायला अप्रशिक्षित माणूस पाठवला तर संस्थेची जबाबदारी ठळक होते. मुलगा, सून किंवा पतीनं प्रामाणिक चूक केली तर सहसा कोणी कोर्टात जात नाही, पण समोरचा पक्ष 'घरच्यांनीच डबल डोस दिला' असा बचाव घेतो आणि भरपाई कापून मागतो. त्यावर प्रश्न असा: घरच्यांना कोणी समजावलं होतं? डिस्चार्जच्या वेळी पाच मिनिटं बसून कोणती गोळी बंद झाली हे सांगणं कोणाचं काम होतं? सूचना दिल्याची नोंद नसेल तर हा बचाव पातळ होतो.

आणि घरातल्या ज्या व्यक्तीनं वर्षानुवर्षं औषधं सांभाळली, तिच्यावर सगळं ढकलणारे नातेवाईक या प्रकरणांत हमखास असतात. त्यांचं ऐकून जबाब देऊ नका.

पोलिसांत गुन्हा नोंदवावा का?

फौजदारी दोषासाठी साधी चूक पुरत नाही, ढोबळ आणि बेदरकार निष्काळजीपणा लागतो. जेकब मॅथ्यू निकालानं भारतात डॉक्टरविरुद्धच्या अशा तक्रारीआधी तटस्थ तज्ज्ञ डॉक्टरचं मत आवश्यक मानलं. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय उपचार करताना घडल्यास दोन वर्षांपर्यंत.

अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात २०१७ मध्ये ७५ वर्षांच्या एका रुग्णेला तपासणीआधी शांत करण्यासाठी मिडाझोलाम द्यायचं होतं. नर्सनं औषधाच्या यंत्रातून सुरक्षा टप्पा ओलांडून वेक्युरोनियम काढलं. ते स्नायू पूर्ण शिथिल करतं, श्वास थांबतो. रुग्णा गेली. २०२२ मध्ये नर्स दोषी ठरली आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळीक, मिळाली. चूक गंभीर होती यात वाद नाही. पण तो टप्पा ओलांडणं तिथे रोजचंच होतं, असा तिचा बचाव होता. शिक्षेच्या भीतीनं बाकीच्या नर्स चुका कळवणं बंद करतील, ही परिचारिका संघटनांची तक्रार आम्हाला पटते. लपवाछपवी, नोंदींत फेरफार, नशेत काम, जाणूनबुजून दुर्लक्ष, असं काही असेल तर फौजदारी मार्ग. एरवी दिवाणी दावा, ग्राहक आयोग किंवा वैद्यक परिषद यांतून जास्त हाती लागतं.

कोणते कागद लागतात?

संपूर्ण केसपेपर. सारांश नव्हे. त्यात सर्वांत मोलाचा कागद म्हणजे औषध दिल्याचा तक्ता, ज्यावर कोणी, किती वाजता, काय दिलं याच्या सह्या असतात. डॉक्टरची सूचना, तो तक्ता, फार्मसीचं बिल आणि प्रयोगशाळेचे रिपोर्ट शेजारी ठेवून तारखा जुळवा. विसंगती तिथेच सापडते. बिलात दहा कुप्या आणि तक्त्यात चार, किंवा पोटॅशियमचा रिपोर्ट सकाळी ११ ला आला आणि दुपारी ३ ला पुन्हा पोटॅशियम दिलेलं.

अर्ज लेखी करा, पोच घ्या. भारतात वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार नोंदी मागितल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात आणि भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात. मृत्यू संशयास्पद असेल तर शवविच्छेदन आणि रक्तातल्या औषधाची पातळी यांचा आग्रह त्याच दिवशी धरावा लागतो. दुःखात हे बोलवत नाही, कळतं. पण नंतर तो पुरावा कुठूनच मिळत नाही.

भरती करताना आम्ही 'सर्व धोके मान्य' अशा कागदावर सही केली होती. दावा संपला का?

नाही. उपचारातले अंगभूत धोके मान्य करणं वेगळं, निष्काळजीपणाला परवानगी देणं वेगळं.

दावा किती दिवसांत करावा लागतो?

भारतात ग्राहक आयोगाकडे दोन वर्षं, सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षं, घटनेपासून किंवा चूक कळल्यापासून. अमेरिकेत राज्याराज्यात वेगळी मुदत. रुग्णाची मानसिक क्षमता नसेल तर अनेक देशांत घड्याळ थांबलेलं धरतात, पण त्यावर विसंबू नका.

वृद्धांच्या प्रकरणात भरपाई कमी का मिळते?

कारण हिशोबाचा मोठा भाग बुडालेल्या कमाईचा असतो, आणि निवृत्त माणसाची कमाई कागदावर शून्य किंवा पेन्शनपुरती. इंग्लंडमध्ये तर मृत्यूच्या शोकासाठी ठरवलेली रक्कम जोडीदाराला किंवा अल्पवयीन मुलाच्या आईवडिलांना मिळते. सज्ञान मुलांना आई गेल्याबद्दल त्या सदरात काहीच मिळत नाही. परिणामी वकील अशी प्रकरणं घ्यायला कचरतात, आणि ज्यांच्याबाबत चुका जास्त होतात त्यांच्याच बाजूनं दावे कमी लागतात. हे आम्हाला अन्यायाचं वाटतं.

म्हणून दाव्यात बाकीची सदरं नीट भरा: उपचारांचा खर्च, वेदना, पुढच्या शुश्रूषेचा खर्च, गमावलेलं स्वावलंबन. आधी स्वतः चालत असलेली व्यक्ती आता अंथरुणाला खिळली, हे फोटो, व्हिडिओ, शेजाऱ्यांचे जबाब यांतून दाखवता येतं. आजी नातवंडं सांभाळत होती, आजोबा आजारी पत्नीची सेवा करत होते, तर त्या श्रमाचंही मोल मागता येतं.

डॉक्टरांनी माफी मागितली. म्हणजे गुन्हा कबूल केला का?

आपोआप नाही. इंग्लंडच्या २००६ च्या कायद्यानुसार नुसती माफी म्हणजे जबाबदारीची कबुली धरत नाहीत, आणि २०१४ पासून तिथल्या सरकारी आरोग्यसेवेला गंभीर अपाय झाल्यास रुग्णाला खरं सांगणं बंधनकारक आहे. माफी मागणाऱ्या डॉक्टरला लगेच शत्रू समजू नका. काय घडलं याची सर्वांत खरी हकिगत बहुधा त्याच बैठकीत मिळते. तिथे लिहून घेणारा एक माणूस सोबत ठेवा.

दावा चालू असताना रुग्ण वारला तर?

बहुतेक ठिकाणी वारस तो पुढे चालवू शकतात. वारसांची नावं मुदतीत दाखल करावी लागतात. मृत्यू त्या चुकीमुळेच झाला असेल तर दाव्याचं स्वरूप बदलतं, त्यामुळे मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय ते लगेच पाहा. 'हृदय बंद पडणे' एवढंच लिहिलं असेल तर मूळ कारण नमूद करण्याची विनंती लेखी करा.

आम्हाला पैसे नकोत. पुन्हा कोणाच्या बाबतीत असं होऊ नये एवढंच. काय करता येईल?

देशाच्या औषध-सुरक्षा यंत्रणेला अहवाल पाठवता येतो. अनेक देशांत रुग्ण किंवा नातेवाईकही तो भरू शकतात. त्यात औषधाचं नाव, बॅच क्रमांक, डोस, तारखा आणि काय घडलं एवढं पुरतं. दोष कोणाचा हे लिहावं लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०१७ मध्ये औषधांमुळे होणारा गंभीर, टाळता येण्याजोगा अपाय पाच वर्षांत निम्म्यावर आणण्याची मोहीम जाहीर केली, तीही अशा नोंदींशिवाय चालत नाही.

हॉस्पिटलला स्वतंत्र पत्र लिहा आणि त्यात 'कारवाई करा' असं मोघम न लिहिता नेमका बदल मागा: ७५ वर्षांवरच्या प्रत्येक रुग्णाच्या तक्त्यावर मूत्रपिंडाची क्षमता लिहिली जावी, डिस्चार्जच्या वेळी बंद झालेल्या औषधांची वेगळी यादी मिळावी, मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर वार छापला जावा. उत्तरासाठी ३० दिवसांची तारीख टाका. ती उलटली तर त्याच पत्राची प्रत नियामक संस्थेकडे पाठवा.